मैदान सुटल्यावरची बेचाळीस वर्षं

मोहम्मद सलीम हे नाव आज आपल्या घरांत किती जणांना ठाऊक आहे? फुटबॉलची आवड असलेल्या पोरांना मेस्सी आणि मोहम्मद सालाह यांचे गोल तारखेनिशी पाठ असतात. पण युरोपातल्या नामांकित क्लबच्या जर्सीत उतरलेला पहिला भारतीय खेळाडू म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, ते कलकत्त्याचे मोहम्मद सलीम बहुतेकांच्या ऐकिवातही नसतात. ते 1936 साली स्कॉटलंडमध्ये सेल्टिककडून खेळले, आणि तेही अनवाणी.

सलीम यांचा जन्म 1904 चा, कलकत्त्याच्या मेटियाब्रुझ वस्तीतला. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह जिथे येऊन राहिले, तीच ही वस्ती. घरची परिस्थिती बेताची होती. सलीम यांनी औषधशास्त्राचं शिक्षण घेतलं, पण जीव रमला तो फुटबॉलमध्ये. वेगवेगळ्या क्लबांतून खेळत ते मोहम्मडन स्पोर्टिंगमध्ये आले. या क्लबने 1934 साली कलकत्ता लीगची पहिली श्रेणी जिंकली. तोपर्यंत एकाही भारतीय क्लबला ते जमलं नव्हतं. त्यानंतर 1938 पर्यंत सलग पाच वर्षं विजेतेपद त्यांच्याकडेच राहिलं, आणि या पाचही विजयांत सलीम यांचा वाटा होता.

पट्ट्या बांधलेले पाय

1936 मध्ये एका नातेवाइकाच्या आग्रहावरून सलीम जहाजाने ब्रिटनला गेले. त्या नातेवाइकाने सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली यांना गाठून सांगितलं की, हिंदुस्थानातून एक चांगला खेळाडू आला आहे, त्याची चाचणी घ्या. फक्त तो बूट घालत नाही. मेली यांना आधी हसू आलं. तरी त्यांनी सलीम यांना बोलावलं, आणि चेंडूवरचा ताबा पाहून संघात जागा दिली. क्लबचे प्रशिक्षक जिमी मॅकमेनमी सलीम यांच्या पायांना पट्ट्या बांधत आहेत, असं एक छायाचित्र आजही पाहायला मिळतं. गॅल्स्टनविरुद्धचा सामना सेल्टिकने 7-1 असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी स्कॉटिश वर्तमानपत्रांत सलीम यांच्या पायांच्या जादूचीच चर्चा होती.

पण सलीम यांचं मन तिथे रमेना, घरची ओढ लागली. क्लबने थांबवायचा प्रयत्न केला. त्यांच्यासाठी एक सामना ठेवून उत्पन्नातला हिस्सा देऊ केला, तेव्हा ही रक्कम यतीम मुलांना द्या असं सलीम म्हणाले, असा किस्सा सांगितला जातो. सेल्टिकची स्थापनाच मुळी ग्लासगोतल्या गरीब आयरिश मुलांच्या पोटात दोन घास जावेत यासाठी झाली होती. त्यामुळे हे बोलणं तिथल्या लोकांना परकं वाटलं नसणार.

सलीम परतले आणि मोहम्मडनकडून 1937 आणि 1938 ची लीग खेळले. त्यांचा इंतकाल झाला 1980 साली. म्हणजे त्या पाचव्या विजेतेपदानंतर ते बेचाळीस वर्षं जगले. पाच वर्षांच्या विजयांबद्दल आणि स्कॉटलंडच्या थोड्या दिवसांबद्दल लिहिलेलं सापडतं. या बेचाळीस वर्षांबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही. त्यातला एक प्रसंग मात्र त्यांच्या मुलाने पुढे एका मुलाखतीत सांगितला.

वडील म्हातारपणी आजारी होते. मुलाने सेल्टिक क्लबला पत्र लिहिलं की, तुमच्याकडून खेळलेले मोहम्मद सलीम आजारी आहेत, उपचारांसाठी पैशांची गरज आहे. क्लबकडून उत्तर आलं आणि सोबत शंभर पौंडांचा ड्राफ्ट. मुलाने तो वटवला नाही, जपून ठेवला. पैसे मागण्याचा हेतू नव्हताच, असं तो म्हणाला. आपल्या वडिलांचं नाव तिथे अजून कुणाला आठवतं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

म्हाताऱ्या खेळाडूला दवापाण्याची काळजी असतेच. पण आपण जे केलं ते कुणाच्या ध्यानात आहे की नाही, ही काळजी त्याहून खोल असते. ती तो स्वतः बोलून दाखवत नाही, घरच्यांना मात्र कळते.

हैदराबादची वेगळी वाट

त्या काळच्या कलकत्त्यात फुटबॉल हा पोटापाण्याचा उघड धंदा नव्हता. टाळ्या भरपूर मिळत, पण खेळ थांबला की हाती पेन्शन नसे. हैदराबादने वेगळी वाट काढली. तिथला नावाजलेला संघ पोलीस खात्याचा होता. हैदराबाद सिटी पोलीसने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला. अशा खात्याच्या संघातल्या खेळाडूचा खेळ संपला, तरी नोकरी संपत नसे. चूल पेटती राहायची.

या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने 1962 मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकलं. पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांना नेलं. ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे त्यांचं नाव आता घरोघरी पोहोचलं आहे.

त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम मात्र तेवढे परिचित नाहीत. 1960 च्या रोम ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली, पण एकाही सामन्यात मैदानात उतरायला मिळालं नाही. संघाचे प्रशिक्षक होते खुद्द वडील! एखादा मनाने खचला असता. हकीम यांनी भारतीय हवाई दलात नोकरी केली आणि स्क्वाड्रन लीडरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. ते फिफाचे आंतरराष्ट्रीय पंच झाले, प्रशिक्षक झाले, मुंबईच्या महिंद्रा संघालाही त्यांनी शिकवलं. 2017 मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. खेळाडू म्हणून जे हुकलं, त्याहून कितीतरी जास्त काळ त्यांनी शिट्टी आणि फळा हाती धरून फुटबॉलची सेवा केली.

आपल्या घरातला खेळाडू

आज इंडियन सुपर लीगमुळे फुटबॉलमध्ये पैसा दिसतो. मुंब्र्यात तर मुलीही मैदानात उतरल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण क्लबचे करार ठरावीक मुदतीचे असतात. गुडघ्याची एक दुखापत सगळं थांबवू शकते. आणि क्लबही कायमचे नसतात. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा देशातला एक बलाढ्य संघ होता, तो 2010 मध्ये बंद झाला.

म्हणून मुलाला फुटबॉलपासून तोडायचं नाही, पण मैदानानंतरची तयारी मैदानावर असतानाच करायची. पदवीचं शिक्षण अर्धवट सोडू देऊ नका. रेल्वे, पोलीस, सैन्यदलं यांच्या खेळाडू भरतीवर लक्ष ठेवा. खेळत असतानाच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकाचा डी परवाना काढता येतो, पुढे सी, बी, ए अशी चढती पायरी आहे. राज्य संघटनेमार्फत पंचाची परीक्षा देता येते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची पदविका आहे. हातात पैसे येतात त्या वर्षांत त्यातला काही भाग बाजूला टाकायची सवय अम्मी-अब्बांनीच लावावी, कारण विशीतल्या पोराला पस्तिशी फार लांब वाटते.

आणि जे आधीच मैदान सोडून बसले आहेत, त्यांचं काय? भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, कोकणातली गावं, कुठेही चौकशी करा. कुणी चाचा कधीकाळी एखाद्या गिरणीच्या किंवा रेल्वेच्या संघातून खेळलेले निघतील. नातवंडांना ते माहीतही नसतं. त्यांच्यासाठी वर्गणी गोळा करण्याआधी त्यांच्याजवळ बसा. कोणत्या वर्षी, कुणाकडून, कोणत्या जागी खेळलात हे विचारून वहीत उतरवून ठेवा. जुने फोटो असतील तर मोबाइलमध्ये काढून घ्या, मागे नावं लिहा. मोहल्ल्यातल्या पोरांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला दरवेळी नगरसेवकच कशाला हवा? या वर्षी चाचांना बोलवा, आणि बक्षीस देण्याआधी त्यांच्या संघाचं नाव माईकवरून मोठ्याने सांगा.