जुन्या होडीची डागडुजी : आधी काय, मग काय?



पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. मे महिन्याच्या शेवटी उधाणाच्या भरतीला होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि झावळ्या किंवा ताडपत्री घालून शाकारतात. मग सुरू होते डागडुजी. नारळी पौर्णिमेच्या आसपास होडी पुन्हा पाण्यात जाते, तेव्हा ती किती भरवशाची असेल हे याच दोन महिन्यांत ठरतं.

मागे विज्ञानाच्या तासाला एका मुलाने विचारलं होतं, "सर, आमची होडी गळते. बाबा म्हणतात यंदा वरून फायबर मारून टाकू, म्हणजे कटकटच मिटली. खरंच मिटेल का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्या होडीवर चार-पाच माणसं समुद्रात जातात. म्हणून आज त्याचं उत्तर नीट समजून घेऊ. उदाहरणासाठी वीसेक वर्षांची, २८ फुटी, फळ्यांची लाकडी होडी डोळ्यासमोर ठेवा.

१. कामांचा क्रम

पैसे आणि दिवस दोन्ही मोजके असतात. नवीन जीपीएस, मोठं इंजिन, बर्फाची मोठी पेटी असं खूप काही हवंसं वाटतं. अशा वेळी स्वतःला चार प्रश्न याच क्रमाने विचारायचे.

१) होडी तरंगत राहील का? (फळ्या, सांधे, खिळे, पाणी उपसायचा पंप)
२) होडी चालत आणि वळत राहील का? (इंजिन, शाफ्ट, पंखा, सुकाणू)
३) अडचण आली तर माणसं वाचतील का? (लाइफ जॅकेट, दिवे, वायरलेस)
४) काम सोपं होईल का? (बाकी सगळ्या सुधारणा)

पहिल्याचं उत्तर 'हो' येईपर्यंत चौथ्यावर खर्च करायचा नाही. असं का, ते एका गणितावरून पटेल. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचं एक भोक पडलं, तर आत येणाऱ्या पाण्याचा वेग √(२ × ९.८ × ०.५), म्हणजे सेकंदाला साधारण ३.१ मीटर. भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर. प्रवाह भोकातून येताना आकसतो, म्हणून ०.६ ने गुणलं, तरी मिनिटाला साधारण ५५ लिटर पाणी आत येतं. तासाला ३,३०० लिटर! तासाला २,००० लिटर उपसणारा पंप अखंड चालू ठेवला तरी होडी भरतच जाणार. एक बंद न होणारा व्हॉल्व्ह किंवा एक निखळलेला पाइप एवढं करू शकतो.

२. आधी तपासणी

होडी गोड्या पाण्याने धुऊन घ्यायची, खालचं शेवाळ आणि चिकटलेले बार्नॅकल खरवडून काढायचे. मग हातात दोनच गोष्टी घ्यायच्या, एक छोटी हातोडी आणि एक टोच्या. निरोगी लाकडावर हातोडी मारली की खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. तिथे टोच्या दाबून पाहायचा. सहज आत गेला तर लाकूड गेलं समजा.

लाकडाचे शत्रू दोन. एक बुरशी आणि दुसरा समुद्रातला जहाजकिडा. बुरशीला गोडं पाणी मानवतं, खारट पाणी मानवत नाही. त्यामुळे गंमत अशी की होडी समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याने जास्त कुजते, आणि तीही वरच्या भागात, कोपऱ्यात, जिथे पाणी साचून राहतं तिथे. म्हणून शाकारताना दोन्ही टोकांना वारा खेळता ठेवायचा. ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आत दमट हवा कोंडते.

जहाजकिडा हा खरं तर किडा नाही, तो शिंपल्याच्या कुळातला मृदुकाय प्राणी आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो लहानपणी लाकडात शिरतो आणि आतल्या आत वाढत पोखरत जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आतून चाळणी झालेली असते. म्हणून नुसतं डोळ्यांनी पाहून भागत नाही. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल होडीला लावायची जुनी पद्धत आहे, ती याच शत्रूंना दूर ठेवण्यासाठी.

३. सांध्यात कापूस का ठोकतात?

लाकूड पाण्यात फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीला ते जवळजवळ वाढत नाही, रुंदीला मात्र चांगलंच वाढतं. फळ्यांची होडी याच गुणावर उभी आहे. दोन फळ्यांच्या सांध्यातला जुना कापूस काढतात, सांधा साफ करतात आणि बोथट पटाशीने नवा कापूस ठोकून बसवतात. वर लांबी भरतात, पण ती फळीच्या पातळीपेक्षा थोडी खालीच ठेवतात. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, कापूस दाबला जातो आणि सांधा बंद होतो. दाबून बाहेर यायला लांबीला जागा हवी, म्हणून ती काठोकाठ भरायची नाही.

इथे एक चूक नेहमी होते. "कापूस कशाला, बाजारात मिळणारं पक्कं इपॉक्सी भरून टाकू." इपॉक्सी वाळलं की दगडासारखं होतं. होडी पाण्यात गेल्यावर फळ्या फुगणारच, पण सांध्यात जागाच नाही. मग तो जोर खिळ्यांवर आणि बरगड्यांवर येतो. खिळे सैल होतात, कधी बरगडीच तडकते. गळती थांबवायला केलेला उपाय होडी खिळखिळी करतो.

फळी कुजलीच असेल, तर निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायची आणि नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी फळीच्या जाडीच्या किमान ८ पट हवी. फळी अडीच सेंटिमीटर जाड असेल, तर सांधा २० सेंटिमीटर. शेजारच्या फळीचा सांधा त्याच रेषेत येऊ द्यायचा नाही. तळाचा कणा किंवा बरगड्या गेल्या असतील, तर मात्र होडी बांधणाऱ्या जाणत्या सुताराला बोलवायचं. ते घरी करायचं काम नाही.

४. खिळे, जस्त आणि रसायनशास्त्र

दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की विद्युतघट तयार होतो. आपण प्रयोगशाळेत करतो तोच. त्यात जास्त क्रियाशील धातू झिजतो. तांब्याच्या खिळ्याशेजारी लोखंडी बोल्ट मारला की लोखंड भराभर खाल्लं जातं. म्हणून जुने खिळे ज्या धातूचे, त्याच धातूचे नवे वापरायचे. साधं पितळ पाण्याखाली नको, त्यातलं जस्त निघून जातं आणि खिळा ठिसूळ होतो. स्टेनलेस स्टीलही ओल्या लाकडात, हवा न मिळता अडकून राहिलं, की आतून खड्डे पडून सडतं.

हेच ज्ञान आपल्या बाजूने वापरता येतं. पंख्याजवळ जस्ताचा तुकडा बसवतात. जस्त जास्त क्रियाशील, म्हणून आधी तेच झिजतं आणि शाफ्ट-पंखा वाचतात. तो अर्धा झिजला की बदलायचा, आणि त्यावर रंग कधीच मारायचा नाही. रंगवलेलं जस्त काही कामाचं नाही.

५. आता फायबरचा प्रश्न

लाकडावर काचेच्या धाग्याची चटई आणि रेझिन चढवायची पद्धत चांगली आहे. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या होड्यांवरही ती वापरून दाखवली आहे. पण दोन अटी आहेत. लाकूड निरोगी हवं आणि ते नीट वाळलेलं हवं. ओल्या, कुजलेल्या होडीवर फायबर मारलं, तर ओल आत कोंडते, बुरशी वाढत राहते, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी होडी आतून पोकळ होते. शिवाय फुगणाऱ्या फळ्यांवरून थर सुटायला लागतो. पूर्वी गळती तरी दिसायची, आता तीही दिसत नाही. भर पावसाळ्यात उघड्यावर हे काम करायचं, म्हणजे दोन्ही अटी मोडायच्या.

तेव्हा त्या मुलाला दिलेलं उत्तर असं : यंदा कुजलेल्या फळ्या बदला आणि कापूस नव्याने भरा. फायबर करायचंच असेल, तर पुढच्या वर्षी थोडी आधी होडी बाहेर काढून कडक उन्हाळ्यात पक्क्या छपराखाली वाळवा, मग करा.

छोटे तुकडे घरी जोडताना प्रमाण पाळा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के लागतो. १ किलो रेझिनला दीड टक्का म्हणजे १५ ग्रॅम. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवीच, आणि जवळ विडी-काडी अजिबात नको.

६. नवीन सामान आणि डुलणारी होडी

वर छप्पर, डेकवर बर्फाची पेटी, अशा सुधारणा केल्या की गुरुत्वमध्य वर सरकतो. स्थिरता किती घटली, हे घड्याळाने कळतं. शांत पाण्यात, तळातलं पाणी उपसून, होडीला बाजूने झोका द्या आणि १० पूर्ण डुलण्यांचा वेळ मोजून १० ने भागा. सामान बसवण्याआधी एकदा, नंतर एकदा. आधी ३ सेकंद होते आणि नंतर ३.६ झाले, तर स्थिरतेचं माप (३ ÷ ३.६)² म्हणजे सुमारे ०.६९ पट उरलं. जवळपास ३० टक्के घट! हा अंदाज आहे, पण इशारा द्यायला पुरेसा. खलाशी म्हणतात, "आता होडी कशी शांत डुलते!" ती शांत झालेली नसते, तिची परत सरळ होण्याची ताकद कमी झालेली असते. अशा वेळी जड सामान खाली न्यायचं किंवा काढून टाकायचं. आणि मोठं इंजिन बसवलं, तर नोंदणीच्या कागदातही बदल करून घ्यायचा.

७. पाण्यात उतरवताना

शाफ्टच्या ग्लँडचं पॅकिंग बदला. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर साफ करा. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवा. होडी उतरवल्यावर पहिले एक-दोन दिवस थोडं पाणी येणारच, फळ्या अजून फुगायच्या असतात. तेवढे दिवस जेटीपाशी ठेवा, पंप आणि एक माणूस जवळ असू द्या. पाणी दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. तसं झालं नाही, तर होडी परत वर घ्या. दोन दिवसांची मासळी बुडेल, माणसं बुडणार नाहीत.

स्वाध्याय

१) भोक अर्ध्या मीटरऐवजी दोन मीटर खोल असेल, तर पाण्याचा वेग किती पट होईल?
२) ८०० ग्रॅम रेझिनला २ टक्के हार्डनर किती ग्रॅम लागेल?
३) जस्ताच्या तुकड्यावर रंग मारला तर काय होईल? कारण लिहा.
४) तुमच्या वाडीतल्या एका जुन्या होडीच्या मालकाला भेटा. यंदा त्यांनी कोणतं काम आधी केलं आणि का, ते पाच-सहा ओळींत लिहून आणा.