विश्लेषण : ग्रीन कार्ड हाती, तरी सरकारी मदतीसाठी पाच वर्षे प्रतीक्षा का?

मुलाकडे अमेरिकेत कायमचे राहायला गेलेल्या आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळाले, की त्यांच्या औषधपाण्याची चिंता मिटली, असे इथल्या नातेवाइकांना वाटते. प्रत्यक्षात उत्पन्न कितीही कमी असले, तरी गरिबांसाठीची ‘मेडिकेड’ ही आरोग्य योजना बहुतेक ग्रीन कार्डधारकांना पहिली पाच वर्षे मिळत नाही. ही अट काढावी की आणखी आवळावी, यावर तिथे सुमारे तीन दशके वाद सुरू आहे.

अट आली कुठून?

तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २२ ऑगस्ट १९९६ रोजी कल्याणकारी योजनांबाबतच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यात ग्रीन कार्डधारक, निर्वासित, आश्रय मिळालेले अशा ‘पात्र’ स्थलांतरितांची यादी ठरली. त्यानंतर आलेल्या बहुतेक ग्रीन कार्डधारकांना मेडिकेड आणि गरीब कुटुंबांच्या रोख मदतीसाठी पाच वर्षे थांबणे बंधनकारक झाले. निर्वासितांना या प्रतीक्षेतून सूट होती. वृद्ध आणि अपंगांच्या रोख मदतीसाठी तर ४० तिमाहींची, म्हणजे साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद लागते. उतारवयात गेलेल्यांनी ती कधी पूर्ण करायची?

‘कायदेशीर’ आणि ‘पात्र’ यांत फरक काय?

इथे दोन वेगळ्या चाळण्या आहेत. एच-वन बी व्हिसावर काम करणारा अभियंता पूर्णपणे कायदेशीर असतो. त्याच्या पगारातून प्राप्तिकर, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे पैसे कापले जातात. मात्र ‘पात्र’ यादीत तो नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत त्याची दहा वर्षे गेली, तरी ती मोजली जात नाहीत. पाच वर्षांचे घड्याळ कार्ड मिळाल्यावर सुरू होते. पगार सुरू असेपर्यंत याची झळ लागत नाही. नोकरी गेली आणि घरात आजारपण आले, की लागते.

दार कधी किलकिले झाले?

अन्नसाहाय्याच्या ‘स्नॅप’ योजनेतून १९९६ मध्ये बहुतेक ग्रीन कार्डधारकांना वगळले होते. २००२ च्या कृषी कायद्याने प्रौढांना पाच वर्षांनंतर आणि मुलांना प्रतीक्षेविना ती खुली केली. २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या काळात राज्यांना एक पर्याय मिळाला : कायदेशीर राहणाऱ्या मुलांना व गर्भवतींना पाच वर्षे न थांबवता आरोग्य योजनेत घेण्याचा. त्यात व्हिसाधारक कुटुंबांनाही वाव आहे. पण निर्णय राज्याचा असल्याने एका राज्यात मिळणारी सवलत शेजारच्या राज्यात मिळेलच असे नाही.

अटच रद्द करण्याचे विधेयक चेन्नईत जन्मलेल्या खासदार प्रमिला जयपाल यांनी २०२१ मध्ये सहकाऱ्यांसह मांडले. ‘पात्र’ऐवजी ‘कायदेशीर वास्तव्य’ हाच निकष असावा, असा त्याचा गाभा होता. ते मंजूर झाले नाही.

२०२५ मध्ये काय बदलले?

डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने उलट दिशा धरली. निर्वासित आणि आश्रय मिळालेले लोक ‘स्नॅप’च्या यादीतून बाहेर गेले. मेडिकेडसाठी असाच बदल लागू करण्याची तारीख १ ऑक्टोबर २०२६ आहे. आरोग्य विम्याच्या सरकारी बाजारपेठेत हप्त्यावर मिळणारी करसवलत एच-वन बीधारकांनाही मिळू शकत होती. २०२७ पासून तीही बंद करण्याची तरतूद आहे.

दोन्ही बाजूंचे म्हणणे काय?

स्थलांतरिताने स्वतःच्या पायावर उभे राहावे, सरकारी मदत हे देशात येण्याचे आमिष ठरू नये, हे धोरण १९९६ च्या कायद्यातच लिहिले आहे. अट काढा म्हणणारे विचारतात, कर पहिल्या पगारापासून, मग मदत पाच वर्षांनी का? वेळेवर न झालेला उपचार शेवटी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचतो आणि तिथला खर्च जास्त असतो. शिवाय नियमांच्या धास्तीने काही पालक अमेरिकेतच जन्मलेल्या, म्हणजे नागरिक असलेल्या मुलांसाठीही अर्ज करत नाहीत.

मराठी कुटुंबांनी काय लक्षात ठेवावे?

पालकांना बोलावणारा मुलगा किंवा मुलगी आर्थिक हमीपत्र भरून देते. पालक नागरिक होईपर्यंत किंवा ४० तिमाही पूर्ण होईपर्यंत ती जबाबदारी साधारणपणे सुटत नाही. कामाची नोंद नसलेल्या पालकांना ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर मेडिकेअर हप्ता भरून घेता येते, पण त्यासाठीही ग्रीन कार्डसह सलग पाच वर्षे वास्तव्य लागते. तोवर खासगी विम्याचा खर्च घरच्यांनाच पेलायचा असतो. त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्याआधी, मुलगा ज्या राज्यात राहतो तिथले नियम आणि विम्याचे दर पाहून घेतलेले बरे.