युद्धासाठी पट्टी, तिरुपतीसाठी तिकीट

गडचिरोली जिल्ह्यात विमानतळ नाही. चंद्रपुरात मोरव्याला आहे, पण ती जेमतेम किलोमीटरभराची पट्टी. मंत्र्यांची छोटी विमानं आणि अलीकडे विमान चालवायला शिकणारी पोरं, एवढंच तिला झेपतं. साधारण सत्तर-ऐंशी माणसांच्या एटीआर विमानालाही तेराशे मीटरच्या आसपास लांबी लागते. राजुरा तालुक्यात विहीरगाव-मूर्तीला मोठा विमानतळ होणार हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. तो वनखात्याच्या परवानगीत अडकला. तिथून वाघांची ये-जा आहे म्हणतात, आणि हे कारण मला तरी बहाण्याचं वाटत नाही. तेव्हा आम्हा वडसा-ब्रह्मपुरीकडच्या माणसांना विमानात बसायचं तर दोनच ठिकाणं : नागपूरचं सोनेगाव, नाहीतर गोंदियाचं बिरसी. दोन्ही मुळात लढाईसाठी बांधलेली.

बिरसी माझ्या लहानपणापासून ओळखीचं, कारण आजोळ कामठ्याचं. नागपूरजवळची छावणीवाली कामठी नव्हे. गोंदियापासून दहा-बारा किलोमीटरवरचा, धानाच्या बांध्यांमधला कामठा. बिरसी त्याच्या शेजारचं गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथे धावपट्टी केली. आजी सांगायची की बाया डोक्यावर टोपल्यांनी मुरूम वाहायच्या, आणि हे सगळं कशासाठी ते मुकादमालाही धड ठाऊक नव्हतं. आता नकाशा बघितला की उमगतं. मार्च १९४२मध्ये रंगून पडलं आणि ६ एप्रिलला जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. किनाऱ्यावरची विमानं धोक्यात आली. शत्रूच्या माऱ्यापासून लांब, तरी बंगाल-ब्रह्मदेशाच्या वाटेवर असा मुलूख हवा होता. त्या काळात रायपूरजवळचं माना, बिलासपूरजवळचं चकरभाठा, ओडिशातलं झारसुगुडा, सिंहभूममधलं चाकुलिया अशा पट्ट्यांची रांगच उभी राहिली. गावं लहान आणि पट्ट्या अवाढव्य.

युद्ध संपलं, गोरे गेले, पट्टी उरली. मी सत्तरच्या दशकात सुट्टीत जायचो तेव्हा तिचा उपयोग सायकल शिकायला व्हायचा. मामाच्या काळ्या, मोठ्या सायकलवर नळीतून पाय घालून मी तिथेच शिकलो. समोरून काही येण्याची भीतीच नव्हती. सुगीत लोक कडेने धान वाळवायचे. कागदोपत्री पट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती, १९९८मध्ये ती औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली आणि २००५च्या डिसेंबरात भारतीय विमानतळ प्राधिकरणाने घेतली. त्या वेळी नागरी विमान वाहतूक मंत्री गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल होते, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट पटायची नाही. धावपट्टी २३०० मीटरची झाली, वैमानिक घडवणारी संस्था आली, आणि प्रवासी विमान येण्याच्या कितीतरी आधी बिरसीच्या आकाशात दिवसभर पिटुकली शिकाऊ विमानं घिरट्या घालू लागली. हे शिक्षण धोक्याचं आहे. १८ मार्च २०२३ला बिरसीहून उडालेलं असं एक विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळलं. शिकवणारा आणि शिकणारी, दोघंही गेले.

सोनेगावची कूळकथा याहून जुनी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्रजांच्या हवाई दलासाठी ते उघडलं, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा कामाला जुंपलं. पण स्वातंत्र्यानंतर त्याचा जो उपयोग झाला तो मला कुठल्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो. माझे वडील चांद्याच्या पोस्टात होते. (१९६४पर्यंत चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत.) त्यांच्या तोंडी ‘रात्रीचं विमान’ हा शब्द असा असायचा की मला वाटे, ते आमच्या घरावरूनच जातं. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या डोक्यातून निघालेली ही योजना जानेवारी १९४९मध्ये सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चौघं सोनेगावला भेटायची. थैल्या इकडच्या तिकडे व्हायच्या आणि उजाडेपर्यंत जो तो आपल्या शहरी परत. १ एप्रिल १९४९पासून साध्या पत्रालाही जादा तिकीट न लावता विमान मिळू लागलं. म्हणजे मद्रासच्या माणसाचं कलकत्त्याला टाकलेलं पत्र आमच्या विदर्भात अर्ध्या रात्री विमान बदलायचं!

प्रवासीही त्याच विमानांतून जायचे आणि थैल्यांसोबत तेही सोनेगावला ताटकळायचे. विमानं बहुतेक युद्धातून उरलेली डकोटा. १२ डिसेंबर १९५३च्या रात्री मद्रासला निघालेला डकोटा उड्डाणानंतर लगेच इंजिन बिघडून पडला. कामगारनेते हरिहरनाथ शास्त्री त्यात गेले. वैमानिक तेवढा वाचला. वडील ही गोष्ट सांगताना नेहमी थैल्यांवर यायचे, जळालेली पत्रं कुणाची होती यावर. मला तेव्हा ते विचित्र वाटायचं. १९७३मध्ये ही रात्रीची जत्रा बंद झाली. सोनेगावला हवाई दल मात्र आजही आहे, आणि त्याच धावपट्टीवर मुंबई-दिल्लीची विमानं उतरतात.

एकाच पट्टीवर दोन घरं कशी नांदतात? सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी लावतात तसंच, फक्त पहिली पाळी कुणाची हे ठरलेलं असतं. पुण्याच्या लोहगावला धावपट्टी हवाई दलाची आणि विमानांना चढ-उतराची परवानगी देणारेही त्यांचेच. प्राधिकरणाकडे प्रवाशांची इमारत आणि तिच्यापुढचा विमानं उभी करायचा भाग. हवाई दलाला धावपट्टीची दुरुस्ती करायची होती म्हणून ऑक्टोबर २०२१मध्ये पुण्याची सगळी प्रवासी विमानं चौदा दिवस बंद राहिली. गोव्याचं दाभोळी पोर्तुगिजांनी बांधलं, १९६२मध्ये ते आपल्या नौदलाकडे आलं. तिथे आठवड्याचे पाच दिवस सकाळच्या वेळा नौदलाच्या सरावाला राखलेल्या असत आणि पर्यटकांची विमानं दुपारी गर्दी करत. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पट्टी राखण्याचा खर्च गणवेशवाल्यांनी उचलला म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

बिरसीला ती अडचण नाही, तिथे अडचण प्रवाशांची. मार्च २०२२मध्ये ‘उडान’ योजनेतून इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमान सुरू झालं, फटाके फुटले, आणि काही महिन्यांत ते बंद पडलं. १ डिसेंबर २०२३पासून इंडिगोने हैदराबाद आणि पुढे तिरुपती जोडलं. आम्ही नवरा-बायको त्यानेच बालाजीला गेलो. वडशाहून रेल्वेने गोंदिया, तिथून ऑटो. ऑटोवाल्याने विमानतळाचं भाडं वेगळं सांगितलं, ते विमानाचं तिकीट हातात पाहूनच. विमानात आमच्या ओळीत आमगावचा एक तांदूळ गिरणीवाला आणि त्याची आई. खाली बांध्या दिसू लागल्या तशी ती माउली प्रत्येक तळं ओळखायचा प्रयत्न करत होती.

पण माझं पहिलं उड्डाण ते नव्हे. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी चुकली नाही. आणि गडचिरोलीच्या दक्षिणेकडे केंद्र लागलं तर तिथवर पोहोचवतं हवाई दलाचं हेलिकॉप्टर. रस्त्यात नक्षलवाद्यांचे सुरुंग असण्याची धास्ती, म्हणून ही व्यवस्था. पोलीस मदत केंद्राजवळच्या मैदानात चुन्याने गोल आखलेला, मध्ये एच. धूळ उडू नये म्हणून पाणी मारलेलं. कोपऱ्यात ओला पाला पेटवून धूर केलेला. वारा कुठला आहे हे वैमानिकाला त्यावरून कळतं. आत दोन्ही भिंतींना घडीचे बाक, मधोमध मतदान यंत्रांच्या पेट्या, कानात कापसाचे बोळे. उतरवताना पंखा थांबवत नाहीत. वाकून पळायचं, टोपी आणि मतदार यादी छातीशी धरायची आणि काही झालं तरी शेपटीकडच्या लहान पंख्याच्या बाजूला फिरकायचं नाही. पुढे केंद्रापर्यंत जवानांच्या रांगेतून पायी. अशा भागात मतदान सकाळी सात ते दुपारी तीन, म्हणजे उजेडात परत येता येतं.

याच मैदानांवर पावसाळ्यात उलटी वाहतूक होते. पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता पाण्याखाली जातो, आणि जिल्ह्याचं ठिकाण दीडशेहून अधिक किलोमीटर लांब. अशा वेळी अडलेली बाळंतीण पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून गडचिरोलीला आणतात. जायबंदी जवान असला तर थेट नागपूर. तिकीट नाही, वेळापत्रक नाही. डॉक्टर पोलिसांना कळवतो, पोलीस वैमानिकाला, वैमानिक ढगांकडे बघतो. कामगिरीवर गेलेलं हेलिकॉप्टर परत येईपर्यंत थांबावं लागतं आणि ढग खाली असले तर कुणाचंच काही चालत नाही. म्हणून गडचिरोलीला विमानतळाची मागणी कुणी केली की मी आधी पर्लकोटेवरच्या उंच पुलाचं विचारतो. त्याचं काम सुरू झालं आहे.