तळातला तरंगा

डिशवॉशर मध्येच थांबतो, पंप घरघरत राहतो आणि पूरसंरक्षणाचा कोड झळकतो. अशा वेळी मशीन तिरकं करून पाणी काढण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती अर्धीच आहे. तळाच्या ट्रेमध्ये थर्माकोलचा तरंगा असतो. पाणी साचलं की तो वर येऊन स्विच दाबतो आणि पाणी आत येणं थांबतं. म्हणजे तरंग्याने आपलं काम चोख केलेलं असतं. ट्रे कोरडा केल्यावर मशीन चालतं हे खरं, पण कोड परतला तर गळती कायम आहे. प्लग काढा, नळ बंद करा, मग दाराचं रबर, पंपाचं सील, पाइपाचे क्लॅम्प बघा. भांडी घासायच्या साध्या लिक्विडचा फेसही खाली उतरतो. ट्रे कोरडा असूनही कोड येत असेल, तरच तरंगा किंवा स्विच अडकल्याचा संशय घ्यावा.

मग महाडसारख्या पुराच्या गावात या संरक्षणाचा उपयोग काय? जुलै २०२१मध्ये सावित्री नदीचं पाणी तिथल्या बाजारपेठेत शिरलं. बाहेरून येणारं पाणी तरंगा अडवू शकत नाही. पुरात बुडालेल्या मशीनच्या मोटारीत, वायरिंगमध्ये गाळ बसतो. जाणकाराने उघडून तपासल्याशिवाय त्याचा प्लग लावूच नये.