बोंबलणारा वेगळा, करणारा वेगळा

धुऱ्यावरून भाऊबंदकी पेटली की वाशीम जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तुले पाहून घेतो.’ म्हणणारे सगळेच खरोखर पाहून घेऊ लागले, तर तुरुंग पुरायचे नाहीत. यातला कुऱ्हाड उचलणारा कोण, हे हवालदारानं ओळखायचं कसं?

अमेरिकेत या ओळखण्याचं शास्त्र झालं. अभिनेत्री रिबेका शेफरचा 1989 मध्ये एका पछाडलेल्या चाहत्यानं खून केला आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस पोलिसांनी अशा धोक्यांसाठी स्वतंत्र पथक उभारलं. नंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसनं नामवंतांवर हल्ला केलेल्या किंवा त्या तयारीनं जवळ पोचलेल्या 83 जणांचा अभ्यास केला. त्या नामवंताला किंवा पोलिसांना आधी थेट धमकी देणारे त्यात एकदशांशही नव्हते. घरच्यांपाशी, मित्रांपाशी मात्र बरेच जण काही ना काही बोलून गेले होते. म्हणून हे शास्त्र शब्दांपेक्षा चाल पाहतं: मनात धरलेला डंख, पाळत, हत्याराची जमवाजमव, अचानक केलेली निरवानिरव.

आपल्याकडे ही नजर पोलीस ठाण्याच्या ‘गोपनीय’ शाखेतल्या अंमलदाराकडे असते. साध्या वेशात, चहाच्या टपरीवर. पोहरादेवीची रामनवमीची यात्रा असो की शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरातला दिगंबर-श्वेतांबर वाद, बंदोबस्ताचा अंदाज त्याच्या माहितीवर बांधला जातो. पुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची प्रतिबंधक नोटीस (जुनं 149), नाहीतर 126 ची कारवाई (जुनं 107). सणावारी नोटिसांची मागच्या वर्षीचीच यादी पुढे ढकलली, तर ते धोक्याचं मोजमाप नव्हे, नुसती कारकुनी.

पण हीच नजर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे वळते का? रजा नाकारल्याचा डंख, तुटलेली झोप, एकाएकी आलेला अबोला ही लक्षणंही वाचता येतातच की. हिमांशू रॉय यांच्यासारख्या दबंग पोलीस अधिकाऱ्यानं 2018 मध्ये, कॅन्सरशी झगडताना, आयुष्य संपवलं. खांद्यावरचे स्टार दुःख अडवत नाहीत.

शिपाई डॉक्टरकडे जायला कचरतो. शिक्का बसेल, हत्यारी ड्युटी जाईल, ही धास्ती. बॅचमेटपाशी मात्र तो बोलतो. त्या बॅचमेटला ऐकायचं शिकवणं, हाच सहकारी-आधाराचा गाभा. तो सल्ले देत नाही, गोपनीय अहवाल लिहिणाऱ्यांपैकी नसतो, ऐकलेलं पोटात ठेवतो. जिवावर बेतलं तरच तोंड उघडतो आणि डॉक्टरपर्यंत सोबत जातो. खालच्या फळीतून आलेलं शहाणपण आपल्याकडे एकदा फळलंही आहे: आठ तासांच्या ड्युटीची कल्पना देवनार ठाण्याचे शिपाई रवींद्र पाटील यांची. मुंबईचे तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती मे 2016 मध्ये तिथेच राबवून पाहिली.

वाशीममध्ये अडचण वेगळी. जिल्हा लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. कुजबुज संध्याकाळपर्यंत मुख्यालयात. तेव्हा ऐकणारा अकोल्याचा नाहीतर हिंगोलीचा असलेला बरा. तोवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 आहे. तिथे बक्कल नंबर सांगावा लागत नाही.