खोलीची ऊब आणि पिंपातील ऊब



यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत उमेद घालवलेल्या माणसाने बिअर आणि द्राक्षमद्य यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी पिण्याचा प्रचार करावयास आलेलो नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून घरी मद्य करणे हा गुन्हाच आहे. इंग्लंडात मात्र १९६३ साली घरगुती बिअरवरील परवान्याची अट उठली आणि विक्रीसाठी नव्हे, पण स्वतःपुरती बिअर करण्यास साध्या कामकऱ्यालाही मोकळीक मिळाली. त्या घरांतला एक प्रश्न आपण पाहू : खोलीची ऊब कशी सांभाळावी?

थंडीत विरजणाचे भांडे गोधडीत गुंडाळणाऱ्या गृहिणीला हा प्रश्न नवा नाही. आंबवण्याचे काम यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव करतात. ते साखर खातात. तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होते. पण या कामात उष्णताही निर्माण होते, हे नवशिका विसरतो. भिंतीवरचा तापमापक २० अंश सेंटिग्रेड दाखवीत असतो, तेव्हा वीस-पंचवीस लिटरच्या पिंपात पारा दोन-चार अंश वर चढलेला असतो. म्हणून तापमापक भिंतीला न लावता पिंपाला लावावा.

एल जातीच्या बिअरला साधारण १८ ते २२ अंश मानवतात, लागरला ८ ते १२. पांढऱ्या द्राक्षमद्याला १२ ते १८ अंश पुरतात; तांबड्याला २५ ते ३० लागतात, कारण सालीतला रंग उबेत चांगला उतरतो. उष्मा वाढला की यीस्ट घाईने काम करते आणि मद्याला उग्र, रंगाच्या डब्यासारखा वास येतो. गारठा वाढला की ते तळाशी बसून राहते. काम संपले असे समजून मालक बाटल्या भरतो. पुढे खोली तापते, यीस्ट जागे होते, उरलेली साखर आंबते आणि वायूच्या दाबाने बाटल्या फुटतात.

उपाय साधे आहेत. पिंप पाण्याच्या टोपात ठेवून भोवती ओले फडके गुंडाळावे. आपल्या माठाचेच हे तत्त्व. फार उकडत असेल तर टोपात बर्फाच्या बाटल्या सोडाव्यात. थंडीत घोंगडी पांघरावी, पण शेगडीजवळ ठेवू नये. दिवसा तापणे आणि रात्री गारठणे हे सर्वांत वाईट. पहिले तीन-चार दिवस विशेष जपावे. बव्हेरियात तर १५५३ साली उन्हाळ्यात बिअर करण्यावरच बंदी आली होती. पुढे १८७० नंतरच्या दशकात कार्ल फॉन लिंडे याची शीतयंत्रे म्युनिकच्या मद्यशाळेत बसली, तेव्हा ही अडचण सरली.

आता माझ्या घरची गोष्ट. एका मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधील उष्म्याची तक्रार घेऊन आम्ही मालकाकडे गेलो. त्यांनी तापमापक दाखविला. पण तो होता कचेरीच्या भिंतीवरचा, डोक्यावर पंखा फिरत असलेला! माग जेथे चालत होते तेथे तापमापकच नव्हता.

यीस्टला तोंड नाही. उष्मा असह्य झाला की ते आपले गाऱ्हाणे मालाच्या चवीतून सांगते. माणसाला तोंड आहे. इंग्लंडातला कामकरी आपल्या पिंपासाठी जी काळजी घेतो, तेवढी तरी माणसासाठी घेतली जावी. काम करणारा जेथे आहे, तेथे तापमापक लावा. एवढेच माझे मागणे आहे.