प्लास्टिकच्या पिशवीतले राक्षस

अमेरिकेतल्या लहान गावांमध्ये एकेकाळी 'डाइम स्टोअर' नावाची दुकानं असत. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. सुया-दोरे, कंगवे, गोळ्या-चॉकलेटं, प्लास्टिकची फुलं आणि पारदर्शक पिशव्यांत भरून लटकवलेली मुलांची खेळणी, असा सगळा किरकोळ माल तिथे मिळे. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावचा गॅरी गायगॅक्स हा गृहस्थ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या दुकानांतल्या खेळण्यांपाशी रेंगाळताना दिसायचा. वय तिशीपार, घरी पाच मुलं. पण तो खेळणी शोधत होता ती स्वतःसाठी.

अशाच एका फेरीत त्याच्या हाती एक पिशवी लागली. आत बोटभर-दोन बोटं लांबीचे रबरट प्लास्टिकचे प्राणी होते. पिशवीवर 'प्रागैतिहासिक प्राणी' अशा अर्थाचं इंग्रजी लेबल आणि हाँगकाँगचा शिक्का. त्यातले काही डायनासोर होते, ते ओळखू येत होते. उरलेले मात्र पृथ्वीवर कोणत्याच युगात जन्मले नसतील असे होते. एकाच्या पाठीला कासवासारखं कवच आणि शेपटीच्या टोकाला विमानाच्या पंख्यासारखा आडवा तुकडा. दुसऱ्याचं अंग बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं. तिसरा दोन पायांवर उभा, तोंडाला चोच.

पन्नास वर्षांनंतर यांतले तिघे जगभर ओळखले जातात. रस्ट मॉन्स्टर, बुलेट आणि आऊलबेअर अशी त्यांची नावं आहेत, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ खेळणाऱ्या कोणालाही ती सांगितली तर तो लगेच एखादा किस्सा सुरू करेल.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका पाहिली असेल तर पहिल्याच भागात तळघरात चार मुलं टेबलाभोवती बसून जो आरडाओरडा करत असतात, तो हाच खेळ. एक जण डंजन मास्टर होतो. तो गोष्ट सांगतो: तुम्ही भुयारात शिरला आहात, समोर दार आहे, दारामागे खरवडल्यासारखा आवाज येतोय. बाकीचे भिडू योद्धा, जादूगार, चोर अशी सोंगं घेतलेले असतात. आपण काय करतो ते प्रत्येकाने सांगायचं आणि ते साधलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. गायगॅक्स आणि मिनेसोटाचा डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये तो पहिल्यांदा छापला. पहिल्या छपाईत फक्त एक हजार प्रती होत्या, तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात घातलेल्या.

त्याआधीची पायरी मात्र खेळण्यांच्या सैनिकांची. गायगॅक्सच्या तळघरात वाळूने भरलेलं मोठं टेबल होतं आणि गावातली हौशी मंडळी त्यावर मध्ययुगीन लढाया खेळत. जेफ पेरनबरोबर त्याने या लढायांचे नियम 'चेनमेल' नावाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केले आणि शेवटी एक पुरवणी जोडली: ड्रॅगन, ट्रोल, जादूगार यांनाही रणांगणात उतरवायचं असेल तर काय करावं. पुरवणी लोकांना आवडली, पण टेबलावर ठेवायला ड्रॅगन आणायचा कुठून? सैनिकांच्या मूर्ती मिळत. राक्षस कोणी ओतत नव्हतं.

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या कोणालाही ही अडचण समजावून सांगायला नको. मावळे मातीचे, बोटभर. आणि अळिवाच्या शेतात उभा केलेला प्लास्टिकचा वाघ मात्र बुरुजाएवढा. आपण ते चालवून घेतो. गायगॅक्सने याच विसंगतीचा फायदा उठवला. प्लास्टिकच्या स्टेगोसॉरसवर कारागिरी करून त्याने ड्रॅगन केला, आणि लहानमोठ्या आकारांची इतर खेळणी जमवून राक्षस आणि पंचमहाभूतांचे प्राणी उभे केले. यात काटकसरही होतीच. विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्ये गेली होती आणि बूट दुरुस्तीची कामं करून तो संसार ओढत होता. धातूच्या मूर्ती खास ओतून घेणं त्याला परवडणारं नव्हतं. ती पिशवी, तेव्हाच्या मंडळींच्या आठवणीप्रमाणे, डॉलरभराच्या आत आली होती.

स्टेगोसॉरसचा ड्रॅगन करणं आणि पिशवीतल्या त्या अनोळखी प्राण्यांचं काहीतरी करणं यात मात्र मोठा फरक आहे, आणि मला या सगळ्या हकिकतीत तोच सर्वांत रंजक वाटतो. ड्रॅगन म्हटलं की तो आग ओकणार, उडणार, सोन्याच्या राशीवर झोपणार, हे आधीच ठरलेलं असतं. खेळणं फक्त त्याची खूण म्हणून उभं राहतं. पंख्याच्या शेपटीचा तो प्राणी कोणाचीच खूण नव्हता. त्याला ना नाव, ना पुराण, ना सवयी. त्याला टेबलावर आणायचं तर हे खातं काय, राहतं कुठे, ही शेपटी कशासाठी, अशा प्रश्नांची उत्तरं कोणालातरी नव्याने द्यावी लागणार होती.

गायगॅक्सने दिलेलं उत्तर अफलातून होतं. हा प्राणी गंज खातो. त्याच्या मिशांचा स्पर्श झाला की लोखंड-पोलाद क्षणात गंजून भुगा होतं आणि तो भुगा तो चाटूनपुसून खातो. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत रस्ट मॉन्स्टर अवतरला. पुढे १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये प्रत्येक श्वापदाच्या नावाखाली आकड्यांची यादी आली: कवच किती, वेग किती, एका हल्ल्यात इजा किती. रस्ट मॉन्स्टरच्या इजेच्या रकान्यात लिहिलं आहे, काही नाही.

ज्याच्या हल्ल्याने माणसाला ओरखडाही उठत नाही, त्याला पाहून शूर योद्धे पळत सुटतात. कारण खेळात योद्ध्याची सगळी मिजास त्याच्या चिलखतात आणि तलवारीत असते. महिनोन्महिने खेळून, भुयारं पालथी घालून मिळवलेली जादूची तलवार एका स्पर्शात जाऊ शकते. जखम दोन दिवसांत भरते, तलवार परत येत नाही. उलट मागच्या रांगेतला, हातात काठी घेतलेला, एरवी सगळ्यांनी ज्याला सांभाळायचं तो अशक्त जादूगार इथे निर्धास्त उभा. एका प्राण्याने सगळ्या टोळीची उतरंड उलटी केली. त्यातून युक्त्या निघाल्या. लोखंडी खुंट्या मूठभर फेकायच्या, तो खात बसला की सटकायचं. चिलखत उतरवून लाकडी सोटा घेऊन भिडायचं. आणि हे सगळं एका खेळण्याकडे बघून सुचलं. मिशा होत्या म्हणून स्पर्श सुचला असावा, हे समजू शकतं. पण गंज? ती झेप त्याची एकट्याची.

शेपटीच्या पंख्याचा उपयोग काय, हे मात्र त्यालाही सुचलेलं दिसत नाही. 'मॉन्स्टर मॅन्युअल'साठी डेव्हिड सदरलंडने चित्र काढलं तेही त्या खेळण्यासारखंच, पंख्यासकट. नंतर चित्रकार बदलले, प्राणी कधी जास्त किड्यासारखा झाला, कधी कासवासारखा. पण शेपटीच्या टोकाचा तो आडवा तुकडा टिकून राहिला. हाँगकाँगच्या कुठल्यातरी साचेवाल्याने काय समजून तो घातला, कोण जाणे. आता तो त्या प्राण्याचं कुलचिन्ह आहे.

गोळीच्या आकाराच्या प्राण्याची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. गायगॅक्सच्या कंपनीत टिम कॅस्क नावाचा संपादक होता. १९७६ च्या जूनमध्ये 'द ड्रॅगन' मासिकाचा पहिला अंक निघायचा होता. कॅस्कने सांगितलेली हकिकत अशी की, हे खेळणं टेबलावर बरेच दिवस वावरत होतं, भिडू त्याला 'बुलेट' म्हणत, पण त्याचे नियम कोणी बसवले नव्हते. गायगॅक्सने ते त्याच्या हाती दिलं: घरी ने, नीट न्याहाळ, हे काय आहे आणि काय करतं ते ठरव. आदल्या वर्षी 'जॉज' चित्रपटाने अमेरिकेला शार्कचं वेड लावलं होतं आणि 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात दारावर टकटक करून माणसं गिळणारा 'लँड शार्क' गाजत होता. कॅस्कने ते उचललं. बुलेट जमिनीखालून पोहत येतो, वर फक्त पाठीचा पर दिसतो, आणि मग भुईतून उसळून झडप घालतो. कवच अभेद्य, पण पाठीवरचा तो पर उभारला की खालचा मऊ भाग उघडा पडतो. हल्ला करायचा तर तेव्हाच. शिवाय खास आवड म्हणून हाफलिंग, म्हणजे टोळीतले बुटके, आणि त्यांची तट्टं. एल्फ मात्र त्याला चालत नाहीत. नियमांच्या पुस्तकात एवढी खोडी मावली, हे त्या काळाचं वैशिष्ट्य.

आऊलबेअरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घुबडाचं डोकं, अस्वलाचं धड, मिठी मारून चिरडणं. नियम म्हणून तो रस्ट मॉन्स्टरच्या पासंगालाही पुरत नाही. पण लोकप्रियतेत तोच सर्वांत पुढे गेला. 'बाल्डर्स गेट ३' या २०२३ च्या व्हिडिओगेममधलं आऊलबेअरचं पिल्लू खेळाडूंनी अक्षरशः पोटाशी धरलं, आणि त्याच वर्षीच्या हॉलिवूडपटातली एक नायिका मोक्याच्या क्षणी आऊलबेअरचंच रूप घेते.

पिशवीतून नेमके किती प्राणी निघाले, यावर खुद्द साक्षीदारांचं एकमत नाही. गायगॅक्स या तिघांची नावं घ्यायचा. कॅस्कच्या यादीत कॅरियन क्रॉलर, अंबर हल्क आणि जांभळा महाकाय किडा हेही होते. उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणी अशाच असायच्या. खेळण्यांचा पुरावा मात्र भक्कम आहे. चित्रकार टोनी डिटर्लिझी याने आपल्या संग्रहातल्या त्या मूर्ती लोकांसमोर ठेवल्या. त्या जुन्या चित्रांशेजारी धरल्या की शंका उरत नाही.

मग या मूर्ती हाँगकाँगमध्ये कोणी घडवल्या? त्या काळी हाँगकाँग प्लास्टिकच्या खेळण्यांचं जगातलं सर्वांत मोठं केंद्र होत होतं. छोटे छोटे कारखाने, साचे एकमेकांकडून उचललेले, कारागिरांची नावं कुठेच नाहीत. जाणकारांचा कयास असा की साचेवाल्यांनी जपानी राक्षसपटांतून आणि मालिकांतून आकार उचलले. १९६६ मध्ये सुरू झालेल्या 'अल्ट्रामॅन' मालिकेतला गाबोरा हा युरेनियम खाणारा प्राणी बुलेटशी मिळताजुळता आहे. आणि गाबोराचीही एक गंमत आहे. त्याचा पोशाख मुळात १९६५ च्या एका चित्रपटातल्या बारागॉन या राक्षसाचा. शिंगं बदलून, कवचं चिकटवून तोच पोशाख दूरचित्रवाणीवर पागोस, नेरोंगा, मागुलार आणि शेवटी गाबोरा म्हणून फिरवला गेला. मालिकेचं बजेट कमी, दर आठवड्याला नवा राक्षस हवा, मग दुसरं काय करणार? म्हणजे हा कयास खरा असेल तर तोक्योतल्या काटकसरीची नक्कल हाँगकाँगच्या काटकसरीने केली आणि ती विस्कॉन्सिनच्या काटकसरी माणसाने विकत घेतली. पुस्तकात आऊलबेअर आणि बुलेट या दोघांच्या जन्माचं कारण वेड्या जादूगाराचे प्रयोग असं दिलं आहे. साचेवाल्याचं इतकं चपखल वर्णन दुसरं नसेल.

बाजारातली आयती वस्तू उचलायची ही रीत राक्षसांपुरती नव्हती. या खेळाची ओळख बनलेले वीस बाजूंचे फासेही सुरुवातीला शाळांना साहित्य पुरवणाऱ्या एका कॅलिफोर्नियन कंपनीकडून मागवले जात. भूमिती शिकवायला केलेल्या पाच घनाकृतींचा तो संच होता. प्लास्टिक इतकं मऊ की काही महिन्यांत कडा झिजून फासा गोटीसारखा घरंगळायचा.

गायगॅक्सची कंपनी १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने घेतली आणि १९९९ मध्ये ती कंपनी हास्ब्रोने. हास्ब्रो म्हणजे खेळण्यांच्या धंद्यातलं बडं नाव. तिने अलीकडे वीस बाजूंच्या फाशातून उलगडणारा आऊलबेअर खेळणं म्हणून बाजारात आणला. किंमत अर्थातच डॉलरभराच्या खूप वर.

मालकीची बाजूही बघण्यासारखी आहे. २००० मध्ये खेळाचे नियम इतर प्रकाशकांना खुले केले, तेव्हा कंपनीने काही श्वापदं स्वतःसाठी राखून ठेवली: बिहोल्डर, माइंड फ्लेयर आणि कॅस्कच्या यादीतले कॅरियन क्रॉलर व अंबर हल्क. रस्ट मॉन्स्टर, बुलेट आणि आऊलबेअर मात्र खुल्या यादीत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये हे खुले नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आले. त्यामुळे श्रेय देऊन कोणीही, मराठीतसुद्धा, या तिघांना आपल्या खेळात, गोष्टीत, छापील पुस्तकात घेऊ शकतो.

पण उसने कशाला घ्यायचे? जत्रेत किंवा स्टेशनबाहेरच्या पथारीवर प्लास्टिकच्या प्राण्यांची पिशवी अजून मिळते. वाघ, हत्ती, डायनासोर बाजूला काढा. ज्याचं नाव घरातल्या कोणालाच सांगता येणार नाही असा एक निवडा आणि मुलांना चारच प्रश्न विचारा: हा काय खातो, कशाला घाबरतो, तो येतोय हे कशावरून कळतं, आणि तो आपल्याकडून नेमकं काय हिरावून घेतो? चौथ्या प्रश्नावर जास्त वेळ द्या, आणि उत्तर 'जीव' असं आलं तर पुन्हा विचार करायला लावा.